नगराचे सामाईक अंगण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळुरू येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. विषयाचे बंधन नव्हते. मात्र मंडळाच्या पन्नास वर्षांना शोभेल असे काही बोलावे, अशी अपेक्षा चिटणिसांनी व्यक्त केली होती. मंडळाचा इतिहास सांगण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ मंडळींचा आहे. म्हणून मी विषय निवडला तो या नगरीतील सार्वजनिक उद्यानांचा. मंडळाच्या महोत्सवात बागेचे काय काम, असे कोणास वाटेल. त्याचा खुलासा आधी केला पाहिजे.

आपल्या मंडळाला आरंभी स्वतःची जागा नव्हती. ती आजही नाही, आणि त्या गोष्टीकडे मी शेवटी येणारच आहे. गणेशोत्सवापुरते कोणाचे तरी सभागृह भाड्याने मिळे. एरवी आपण भेटत असू ते लालबागेत. रविवारी सकाळी सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन पाच-सात कुटुंबे त्या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी जमत. मुले खडकावरून घसरगुंडी करीत, पुरुषमंडळी बदल्या आणि बढत्यांवर बोलत, आणि नव्याने आलेल्या एखाद्या वहिनींना कोणत्या दुकानात ज्वारीचे पीठ बरे मिळते, हे तेथेच कळे. संक्रांतीचा तिळगूळ आपण तेथे वाटला आहे आणि भोंडल्याचा फेरही तेथे धरला आहे. आपल्या गाण्याकडे कुतूहलाने पाहणाऱ्या कानडी भगिनी दुसऱ्या फेऱ्याला आपल्यात येऊन मिळाल्या होत्या, हे येथील काहींना स्मरत असेल.

परमुलखात नव्याने आलेल्या माणसाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. घर भाड्याचे, भाषा परकी, कचेरीत हुद्द्याप्रमाणे वागणूक. या सर्वांत एकच जागा अशी सापडते की जेथे तुम्ही कोणाचे पाहुणे नसता आणि भाडेकरूही नसता. बाकावर बसण्यास जामीन लागत नाही. त्या जागेने आपल्याला या नगरीचे नागरिक केले, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून मंडळाच्या महोत्सवात तिचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते.

बाग ही वस्तू आपल्याकडे नवी नाही. राजवाड्याच्या बागा होत्या, सरदारांच्या वाड्या होत्या, मंदिरांच्या फुलबागा होत्या, गावोगावी आमराया आणि देवराया होत्या. परंतु या प्रत्येक जागेला कोणी तरी धनी असे. राजा, सरदार, देव वा गावकी. जी जमीन कोणा एकाची नाही, जी सर्वांच्या पैशाने राखली जाते आणि जेथे कोणीही केवळ माणूस आहे म्हणून जाऊ शकतो, असे उद्यान ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. इंग्लंडातील कारखान्यांच्या शहरांत धूर आणि दाटी असह्य झाली, तेव्हा बर्कनहेड या गावी १८४७ साली सार्वजनिक पैशातून उद्यान खुले झाले. ते पाहून गेलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या अमेरिकन गृहस्थाने पुढे एका सहकाऱ्यासमवेत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी केली. ते पार्क १८५८ मध्ये लोकांसाठी उघडू लागले. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८७० साली, बंगळुरूत कब्बन पार्क आकाराला आले.

लालबाग मात्र याहून पुष्कळ जुनी. १७६० साली हैदरअलीने तिची मुहूर्तमेढ रोवली तेव्हा तिचा विस्तार सुमारे चाळीस एकर होता. टिपूने देशोदेशींची रोपे व बिया मागवून तिच्यात भर घातली. तेव्हा ती राजाचीच बाग होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती कंपनी सरकारकडे गेली, अनेक हात बदलले, आणि अखेर १८५६ साली सरकारी वनस्पतिउद्यान म्हणून तिची रीतसर स्थापना झाली. राजाच्या रंजनाची जागा अभ्यासाची जागा झाली, आणि पुढे लोकांची झाली. आज तिचा विस्तार सुमारे दोनशे चाळीस एकर आहे.

ज्या खडकाच्या पायथ्याशी आपण डबे उघडीत असू, तो तर कोणत्याही राजाहून जुना. भूगर्भशास्त्रज्ञ त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे सांगतात आणि तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित झालेला आहे. त्याच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाचा छोटा बुरूज आहे. त्याच बंगळुरूची जहागीर सतराव्या शतकात शहाजीराजांकडे होती, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु खडकावर उभे राहिले की जहागिऱ्यांचे वय किती थोडे, हेही ध्यानात येते.

सरकारी उद्यान झाल्यानंतरच्या लालबागेचा इतिहास हा मुख्यत्वे माळ्यांचा इतिहास आहे, आणि तोच मला अधिक मोलाचा वाटतो. १८७४ मध्ये जॉन कॅमेरून नावाचे गृहस्थ अधीक्षक म्हणून आले आणि १९०८ पर्यंत त्यांनी ती बाग सांभाळली. काचेच्या ज्या मंडपात आपण पुष्पप्रदर्शन पाहतो, त्याचा पाया १८८९ साली घातला गेला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा आदर्श त्यासाठी डोळ्यांसमोर होता. परदेशी फळभाज्या येथे रुजवून पाहण्याचा त्यांना नाद होता. आपल्या गृहिणी ज्या चौचौची भाजी आणि कोशिंबीर करतात, ते मूळचे मेक्सिकोकडचे. कॅमेरूनसाहेबांनी ते येथे लावले. कानडीत त्याला ‘सीमे बदनेकाई’ म्हणतात, म्हणजे विलायती वांगे. नावात परकेपण अजून आहे. परंतु त्याला परके समजणारा माणूस आता या शहरात सापडणार नाही.

कॅमेरून यांच्यानंतर जे गृहस्थ आले त्यांच्याविषयी आपल्या मंडळात विशेष आस्था असावयास हवी, कारण ते या शहरात आले ते एका मराठी राज्याच्या सेवेतून. गुस्ताव हर्मान क्रुम्बिगेल हे त्यांचे नाव. जन्म १८६५ साली जर्मनीत ड्रेस्डेननजीक. लंडनच्या क्यू येथील प्रख्यात उद्यानात काम केल्यावर १८९३ साली ते बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या संस्थानातील उद्यानांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली सयाजी बाग निर्माण झाली होती; बडोदेकर तिला आजही कमाटी बाग म्हणतात. शिक्षण, ग्रंथालय आणि उद्यान ही प्रजेच्या हक्काची गोष्ट आहे, असे मानणाऱ्या राजाच्या पदरी या माळ्याची पंधरा वर्षे गेली. १९०८ साली म्हैसूरच्या कृष्णराज वडियार यांच्या राज्यात ते आले आणि १९३२ पर्यंत त्यांनी लालबाग व संस्थानातील उद्याने यांचा कारभार पाहिला. निवृत्तीनंतरही ते येथेच राहिले आणि १९५६ साली येथेच वारले. लालबागेजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आपल्यापैकी किती तरी जण त्या रस्त्याने रोज जात असतील. नाव कोणा इंग्रज अधिकाऱ्याचे असावे, अशी माझीही बरीच वर्षे समजूत होती.

क्रुम्बिगेल यांची एक योजना मला फार विलोभनीय वाटते. एक झाड फुलून गेले की दुसऱ्याने फुलावयास लागावे आणि वर्षभर शहराच्या कोठल्या ना कोठल्या रस्त्यावर मोहर असावा, अशा बेताने त्यांनी वृक्षांची निवड केली. थंडी सरत आली की गुलाबी टॅबेबुया फुलतो, मागोमाग पिवळा. मग जॅकरंडाची निळी-जांभळी छाया पडू लागते. चैत्र-वैशाखात सोनमोहर आणि बहावा पिवळे होतात, आणि मृगाच्या आधी गुलमोहर पेटतो. पंचांग न पाहताही महिना कळावा, अशी ही व्यवस्था आहे. पुढच्या पिढ्यांनी ती चालू ठेवली, म्हणून आपल्याला ती भोगता आली. झाड लावणारा माणूस स्वतःसाठी काही लावीत नाही, हे वाक्य आपण शाळेत निबंधात लिहीत असू. त्याचा अर्थ मला या शहरातील रस्त्यांवर कळला.

आणि ही झाडे तरी कोठली? गुलमोहर मादागास्करचा, जॅकरंडा आणि टॅबेबुया दक्षिण व मध्य अमेरिकेकडचे, कब्बन पार्कवर छत्री धरणारा वर्षावृक्षही तिकडचाच. बहावा तेवढा आपला. वनस्पतिउद्यानाचे एक मुख्य काम हेच असते की दूरदेशींचे रोप आणावे, येथील माती, पाणी व ऊन त्याला मानवते की नाही ते धीराने पाहावे, मानवल्यास त्याची रोपे करून वाटावीत. मानवणे हा आपल्या भाषेतला किती सुंदर शब्द आहे! आपल्यापैकी प्रत्येक घराने हा प्रयोग केलेला आहे. पहिले वर्ष पान गळते, दुसऱ्या वर्षी पालवी धरते, पुढे मूळ खाली जाते आणि मग सावली पडू लागते. सावली पडू लागली की झाडाला कोणी गाव विचारीत नाही.

क्रुम्बिगेल यांच्यानंतर एच. सी. जवराया यांनी सूत्रे घेतली, आणि १९५१ पासून १९७४ पर्यंत डॉ. एम. एच. मरीगौडा यांनी. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेला हा कन्नड विद्वान. लालबागेपुरते न पाहता त्यांनी राज्यभर फळबागांची केंद्रे व रोपवाटिका उभारल्या. १९६३ साली स्वतंत्र उद्यानविद्या खाते अस्तित्वात आले, त्यामागे त्यांचेच परिश्रम होते. म्हणजे पहा, एका राजाची चाळीस एकर बाग, तीतून विद्येचे केंद्र, आणि त्या केंद्रातून खेड्यातल्या शेतकऱ्याच्या बांधावर गेलेली कलमे. उद्यान म्हणजे सुखवस्तू लोकांच्या फिरण्याची सोय, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवास डोळ्यांसमोर ठेवावा.

आता कब्बन पार्क. म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी त्याची आखणी केली. प्रारंभी विस्तार सुमारे शंभर एकर, पुढे तो तीनशेपर्यंत वाढला. १८३४ ते १८६१ इतका दीर्घ काळ येथे कमिशनर असलेल्या मार्क कब्बन यांचे नाव त्याला मिळाले. १९२७ साली श्री चामराजेंद्र उद्यान असे नामकरणही झाले, तथापि लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. या उद्यानाचे वैशिष्ट्य असे की राज्याच्या मोठ्या संस्था त्याच्या कुशीत आहेत. उच्च न्यायालयाची ती लाल इमारत, जिला ‘अठारा कचेरी’ म्हणतात, १८६८ ची. अठरा खाती तेथे नांदत, म्हणून हे नाव. मराठी कानाला ते मुळीच परके वाटत नाही. शेजारी वस्तुसंग्रहालय, १९१५ साली बांधलेल्या शेषाद्री अय्यर स्मारक भवनातील ग्रंथालय, मुलांसाठी बालभवन. खटल्याच्या तारखेला आलेला खेडूत, परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी आणि आजोबांचे बोट धरून आलेला नातू हे तिघे एकाच झाडाखाली बसलेले मी तेथे पाहिले आहेत. या तिघांना एकत्र आणणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

या दोन मोठ्या उद्यानांच्या जोडीला लहान उद्यानांचे जाळे आहे, आणि रोजच्या जगण्यात त्यांचेच महत्त्व अधिक. १८९८ साली येथे प्लेगने थैमान घातले. जुन्या पेठेतील दाटी किती घातक आहे, हे त्याने दाखवून दिले, आणि मल्लेश्वरम व बसवनगुडी या मोकळ्या हवेच्या वसाहतींना त्या काळात चालना मिळाली. सरळ रस्ते, दुतर्फा झाडे आणि घरांच्या मधोमध मोकळी जागा, ही पद्धत पुढे जयनगरसारख्या वसाहतींत चालू राहिली. तेव्हा वसाहतीतील बाग ही उरलेली जागा म्हणून कोणी सोडलेली नव्हती. माणसे मेल्यानंतर सुचलेले ते शहाणपण होते.

उद्यानाचे उपयोग आपण सारे जाणतो, म्हणून विस्तार करीत नाही. झाडांखाली उकाडा कमी होतो, पाऊस गटारात न जाता जमिनीत मुरतो, पाखरांना आणि मधमाश्यांना थारा मिळतो. परंतु ज्या उपयोगाचा हिशेब कोणी मांडीत नाही तो असा की, म्हाताऱ्या माणसाला दुपारी चारनंतर कोठे तरी जावेसे वाटते, आणि जाण्यासारखी जागा चालत जाण्याच्या अंतरावर असते. मुलाच्या नोकरीपायी साताऱ्याहून वा नागपुराहून येथे येऊन राहिलेल्या किती आई-वडिलांनी त्या बाकांवर आपला परदेशवास सुसह्य केला आहे! तेथे एक कानडी आजी आणि एक मराठी आजी भेटतात, एकीची भाषा दुसरीला येत नाही, आणि तरीही गुडघेदुखीवरील उपायांची देवघेव व्यवस्थित होते.

बंधुभगिनींनो, येथवर मी गौरवाचे बोललो. आता थोडे अडचणीचे बोलावयाचे आहे.

उद्यान लावणे अवघड, पण राखणे त्याहून अवघड. शहर वाढू लागले की मोकळी जमीन सर्वांच्या डोळ्यांत भरते. ‘अठारा कचेरी’ पाडावी असा विचार १९८० च्या दशकात पुढे आला होता. नागरिकांनी विरोध केला म्हणून ती वाचली. त्याआधीच, १९७५ साली, कर्नाटक शासनाने सरकारी उद्यानांच्या संरक्षणाचा कायदा केला होता. कब्बन पार्क आणि लालबाग यांची जमीन विकणे, भाडेपट्ट्याने देणे, दान करणे वा गहाण टाकणे यांना त्याने आळा घातला. आपल्या मंडळाचे जे वय, जवळपास तेच या कायद्याचे. पुढे १९८५ साली वसाहतींतील उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्यासाठी निराळा कायदा झाला.

कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. २००९ साली मेट्रोच्या मार्गासाठी लालबागेच्या कडेची जागा घेण्यात आली, तेव्हा अनेक नागरिक रस्त्यावर आले. मी स्वतः आज मेट्रोने येथे आलो, तेव्हा मेट्रो नको होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु उपयोगी गोष्टीसाठीच बाग मागितली जाते, हे त्यातून लक्षात यावे. जुगाराच्या अड्ड्यासाठी कोणी बाग मागत नाही. रस्ता, दवाखाना, शाळा, सभागृह यांसाठी मागतात, आणि म्हणूनच नाही म्हणणे कठीण जाते.

याच शहरातला एक खटला या बाबतीत सर्व देशाला मार्गदर्शक ठरला आहे. राजमहाल विलास वसाहतीच्या आराखड्यात एक जागा सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवली होती. १९७६ साली सरकारी आदेशाने ती एका खासगी रुग्णालयाला देण्यात आली. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. प्रथम त्यांच्याविरुद्ध निकाल लागला. रुग्णालय हीदेखील नागरी सोयच नव्हे काय, असा तो युक्तिवाद होता. त्यांनी हार मानली नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही, दोन्ही उपयोगी असल्या तरी एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही, आणि मोकळी हवा व मुलांचे खेळ हा साऱ्या समाजाच्या हिताचा विषय आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. ते रहिवासी कोणी मोठे पुढारी नव्हते. तुमच्या-आमच्यासारखीच घरी वर्तमानपत्र वाचणारी माणसे होती.

आता मी आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मंडळाच्या वास्तूचा विषय ऐरणीवर आला होता. जमिनीचे भाव ऐकून आपण हबकलो होतो. तेव्हा एका सभेत सूचना आली की, आपल्या वसाहतीतील उद्यानाचा पश्चिमेकडचा कोपरा नाही तरी पडीक आहे. तेथे सांस्कृतिक भवनासाठी जागा द्यावी, असा अर्ज करावा. संस्कृतीचे काम, सर्वांना खुले, त्यात वावगे काय? अर्ज लिहिला गेला आणि त्यावर अकरा सह्या झाल्या. त्यांतली चौथी सही माझी होती. अर्जाचे पुढे काही झाले नाही. परंतु यंदा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो पुन्हा बाहेर काढावा, असा विचार काही सभासदांच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांची तळमळ खरी आहे. पन्नास वर्षांच्या संस्थेला स्वतःचे छप्पर नसावे, याचे दुःख मलाही आहे.

तथापि अर्जावर सही केल्यानंतर काही दिवसांनी मी सहज त्या कोपऱ्याकडे गेलो होतो. पडीक म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी पाहिले. करंजाच्या झाडाखाली जवळच्या बांधकामावरची एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. चार पोरे विटांचे स्टंप करून क्रिकेट खेळत होती. त्यांत एक आमच्या शेजाऱ्यांचा, एक इस्त्रीवाल्याचा. दोन घरकाम करणाऱ्या मुली काम आटोपून शेंगा खात गप्पा मारीत होत्या. यांतल्या कोणालाही आपण आपल्या भवनातून बाहेर घालवले नसते. पण भवन उभे राहिल्यावर यांतले कोणीही आत आले नसते, हेही तितकेच खरे. त्या कोपऱ्यावर आपले नाव लिहिण्यासाठी ज्यांची नावे पुसावी लागली असती, ती माणसे अर्जावर सही करणारी नव्हती. आम्ही अकरा जण बसलो होतो तेव्हा त्यांना विचारण्याचे आमच्या मनातही आले नाही.

मला त्या संध्याकाळी खडकाच्या पायथ्याशी अंथरलेल्या आपल्या सतरंज्या आठवल्या. तेव्हा कोणा दुसऱ्या मंडळाने, आमच्या संस्कृतीसाठी ही जागा हवी, असे म्हणून तेथे भिंत घातली असती, तर आपण कोठे जमलो असतो? पाहुण्याला नागरिक करणारी जी जागा आपल्याला मिळाली, ती आपल्यामागून येणाऱ्याला मिळू नये, अशी व्यवस्था आपल्याच हातून होत होती.

म्हणून आज या व्यासपीठावरून, सर्वांच्या साक्षीने, मी माझी ती सही परत घेतो. उरलेल्या दहा जणांपैकी तिघे आज हयात नाहीत. बाकीच्यांना मी आग्रह करीत नाही, फक्त एकदा संध्याकाळी त्या कोपऱ्यात अर्धा तास बसून यावे, एवढी विनंती करतो.

वास्तू आपण बांधू. मजल्यावरची का होईना, दोन खोल्यांची का होईना, पण विकत घेतलेली बांधू; त्यासाठी माझा यथाशक्ति वाटा मी आधीच चिटणिसांकडे दिला आहे. आणि महोत्सवाच्या निधीतला एक लहानसा भाग त्या वसाहतीच्या उद्यानासाठी वेगळा ठेवावा, अशी माझी सूचना आहे. संबंधित कचेरीची रीतसर परवानगी घेऊन तेथे बहावा, करंज, कडुनिंब, सीतेचा अशोक यांची रोपे लावावीत, आणि महत्त्वाचे म्हणजे पहिली तीन वर्षे प्रत्येक रोपाला पाणी घालण्याची पाळी घराघरांनी वाटून घ्यावी. रोप लावण्याच्या दिवशी छायाचित्र काढणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या उन्हाळ्यात बादली उचलणारा दुर्मिळ असतो. बाकावर मंडळाचे नाव घालू नये, असेही मी सुचवतो. ते बाक वापरणाऱ्याला आपले उपकार आठवावयाला लागू नयेत.

हैदरअलीपासून मरीगौडांपर्यंत, आणि ड्रेस्डेनहून बडोदामार्गे आलेल्या त्या माळ्यापासून न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्या त्या अनाम रहिवाशांपर्यंत, अनेकांनी राखले म्हणून हे अंगण आपल्याला मिळाले. त्यांतले काही येथले होते, काही आपल्यासारखे बाहेरून आलेले होते. आता पाळी आपली आहे. एकसष्टीला, पंचाहत्तरीला हे मंडळ जेव्हा जमेल, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण नसतील. पण त्या कोपऱ्यात करंजाखाली कोणी तरी बसलेले असावे, नुकतेच या शहरात आलेले, कोणाचीही ओळख नसलेले. त्याला तेथून कोणी उठवू नये.